एखादी डाइव्ह सोडायला शीक

मालवण,
12 जानेवारी

चि. सोनू,

फेब्रुवारीत मालदीवला सात रात्रींच्या लिव्हअबोर्डवर जातेस हे दादाने फोनवर सांगितलं आणि फार आनंद झाला. हॅवलॉकला ओपन वॉटरचा कोर्स झाला, नेत्राणीला ॲडव्हान्स्डचा झाला, आता आठवडाभर बोटीवर राहून डाइव्हिंग करायचं, ही चढण बरोबर आहे. वहिनीला काळजी तुझ्या जेवणाची, दादाला बोटीची. तू मात्र एकच विचारलंस, सामानात काय घेऊ? सामानाचं मी शेवटी लिहिते, कारण ते सगळ्यात सोपं आहे.

आधी पैशांबद्दल, कारण माझ्या मते लिव्हअबोर्डवरच्या निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. या सहलीचे पैसे आधीच भरलेले असतात आणि आठवड्याभराच्या सगळ्या डाइव्हज त्यात धरलेल्या असतात. मग पहिल्या दिवसापासून डोक्यात हिशेब सुरू होतो की एक डाइव्ह सोडली म्हणजे इतके हजार वाया. सर्दी झालेला माणूस नाक शिंकरून उतरतो, रात्रभर उलट्या झालेला माणूस सकाळी उतरतो, कारण पैसे वसूल व्हायला हवेत. तू असं करू नकोस. तू पैसे भरलेस ते त्या पाण्यापर्यंत पोचण्याचे. उतरायचं की नाही हे रोज, दर वेळी, नव्याने ठरवायचं.

दिवस कसा जातो ते सांगते. सहाच्या सुमारास दारावर टकटक होते. चहा-बिस्किटं, फळ्यावर नकाशा काढून ब्रीफिंग, आणि उजाडता उजाडता पहिली डाइव्ह. मग न्याहारी. अकराच्या आसपास दुसरी, मग जेवण, तीनच्या सुमारास तिसरी. एखाद्या दिवशी अंधार पडल्यावर चौथी. मधल्या वेळात बोट पुढच्या ठिकाणी निघालेली असते. मालदीवमध्ये बहुतेक मोठ्या बोटींसोबत एक वेगळी धोनी चालते. टँक, कॉम्प्रेसर, तुझं सगळं ओलं सामान त्या धोनीवर, आणि राहणं-जेवणं मोठ्या बोटीवर. ही सोय छान आहे, कारण कॉम्प्रेसरचा आवाज झोपेत येत नाही. कागदावर हे वेळापत्रक आरामाचं दिसतं. पहिले दोन दिवस तसं वाटतंही. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठताना पाय जड झालेले असतात आणि माणसाला वाटतं ऊन लागलं असेल.

ते नुसतं ऊन नसतं. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन शरीरात मुरतो, आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. 1908 साली जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलासाठी बकऱ्यांवर प्रयोग करून डायव्हर्ससाठी तक्ते बनवले. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने भरत नाहीत हे त्याच्या मांडणीचं मर्म. काही भाग पाच मिनिटांत निम्मे भरतात, काहींना सव्वा तास लागतो, आणि भरायला सावकाश ते रिकामे व्हायलाही सावकाश. तुझ्या मनगटावरचा कॉम्प्युटर आजही याच कल्पनेवर चालतो. पावसात भिजलेली गोधडी उन्हात टाकली की वरचं कापड तासाभरात सुकतं, पण आतल्या थरात ओल राहते, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भिजली तर ओल साचत जाते. चार दिवस रोज तीन-चार डाइव्हज केलेल्या शरीराचं तसंच होतं. नेत्राणीला तू दिवसाला दोन डाइव्हज करून संध्याकाळी किनाऱ्यावर होतीस. तिथे हा प्रश्न आलाच नव्हता.

कॉम्प्युटरला खोली कळते आणि वेळ कळतो. तू रात्री किती झोपलीस, पाणी किती प्यायलीस, पोट बिघडलंय का, हे त्याला कळत नाही. ते तुलाच बघायचं आहे. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवून टाक की चौथ्या दिवशी एक डाइव्ह सोडायची. त्या वेळात वरच्या डेकवर सावलीत झोप. व्हावू अटोलमध्ये अलिमाथा बेटाजवळ रात्रीच्या डाइव्हला नर्स शार्क गोळा होतात, ती डाइव्ह सगळ्यांना हवी असते, तुलाही हवी असेल. मग त्या दिवशी दुपारची सोड.

आणि सोडताना संकोच करू नकोस. तू लहानपणापासून भिडस्त आहेस. आपल्यामुळे इतर थांबले तर, गाइडला काय वाटेल, असे विचार तू करशील हे मला माहीत आहे. भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची, आणि समुद्रात ते फार महागात पडतं. डाइव्हिंगमधला सगळ्यात चांगला नियम कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापावा असा आहे: कोणीही, कोणतीही डाइव्ह, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता थांबवू शकतो. धोनीवर बसल्यावर "आज नको" म्हणता येतं. टँक पाठीवर चढवल्यावर म्हणता येतं. वीस मीटरवर अंगठा वर करून, म्हणजे वर जायची खूण करून, म्हणता येतं. चांगला गाइड त्यावर प्रश्न विचारत नाही. जो गाइड चेष्टा करेल, त्याच्यामागे खोलात जाऊ नये.

आता कांडूबद्दल. मालदीवची अटोल म्हणजे प्रवाळाची मोठमोठी कडी, आणि त्या कड्यांमधल्या ज्या खिंडींतून समुद्र आत-बाहेर करतो त्यांना तिथे कांडू म्हणतात. अटोलच्या आत पाण्याखाली उभ्या असलेल्या एकट्या प्रवाळ टेकडीला थिला. फेब्रुवारीत ईशान्येचा वारा असतो, प्रवाह साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, आणि खुल्या समुद्राचं स्वच्छ पाणी पूर्वेच्या कांडूंमधून आत शिरतं. त्या पाण्याच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क येऊन थांबतात. ते पाहायला लोक जगभरातून येतात. 2010 मध्ये मालदीवने शार्कची मासेमारी बंद केली, आणि आज जे दिसतं त्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

कांडूतली डाइव्ह अशी होते. धोनी बाहेरच्या बाजूला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाते. गाइड आधी पाण्यात उडी मारून प्रवाह पाहतो. मग सगळ्यांनी एकदम उडी मारायची आणि लगेच खाली जायचं. पृष्ठभागावर मास्क चोळत बसलीस तर प्रवाह तुला खिंडीच्या पलीकडे घेऊन जाईल. खिंडीच्या उंबऱ्यावर 25-30 मीटरवर रीफ हूक मेलेल्या खडकात अडकवायचा, जिवंत प्रवाळात कधीच नाही. बीसीडीत, म्हणजे हवेच्या जॅकेटमध्ये, किंचित हवा भरली की दोरी ताणली जाते आणि तू प्रवाहात तरंगत राहतेस. समोर शार्क हलतही नाहीत असे थांबलेले असतात. कल्ला एकदा उघडतो, एकदा मिटतो, शेपटी बोटभर इकडे तिकडे होते, आणि तेवढ्यावर तो प्राणी, ज्या प्रवाहात तुझा मास्क थरथरतोय त्याच प्रवाहात, जागचा ढळत नाही. असा शार्क समोर असताना नजर गेजवर जात नाही. म्हणून हिशेब आधीच मांडून जा.

30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. नवखा माणूस वर मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल तर तिथे ऐंशी लिटर घेतो. 12 लिटरचा टँक 200 बारला भरलेला, त्यातले 50 बार राखून ठेवायचे. उरले 1800 लिटर. म्हणजे साडेबावीस मिनिटं, आणि उतरण्याचा व वर येण्याचा वेळ त्यातच. धाप लागली तर त्याहून कमी. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण मला तिथे दर वेळी आठवते. गाइडने कितीही छान जागा धरली असली तरी 100 बारला त्याला हाताने सांग, आणि हूक काढून आत वाहू लाग. खिंडीत आत गेल्यावर पाणी उथळ होतं आणि प्रवाहही मवाळ होतो. मालदीवच्या नियमात हौशी डाइव्हिंगला 30 मीटरची मर्यादा आहे. ती पाळणाऱ्या बोटीवर तुझं भलं आहे.

नायट्रॉक्सचा कोर्स पुण्यातच करून जा. 32 टक्के ऑक्सिजन म्हणजे नायट्रोजन कमी, आणि रोज तीन डाइव्हज करणाऱ्या शरीराला तेवढंही फार. हवेवर 30 मीटरला कॉम्प्युटर साधारण वीस मिनिटं देतो, नायट्रॉक्सवर अर्ध्या तासाच्या जवळपास. पण आपली हवा आधी संपणार हे वर पाहिलंच, तेव्हा नायट्रॉक्स घेऊन वेळ वाढवायला जाऊ नकोस. त्याचा फायदा साठा कमी होण्यात आहे. टँकमधला ऑक्सिजन स्वतः मोजायचा, आकडा वहीत लिहायचा आणि मग सही. दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यावर सही करू नकोस, तो कितीही अनुभवी असो.

पहिल्या दिवशीची चेक डाइव्ह बरेच जण हलक्यात घेतात. तू घेऊ नकोस. मालदीवला तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो, आणि वजन किती लागतं ते तिथल्या टँकवर नव्याने पाहावं लागतं. ॲल्युमिनियमचा टँक रिकामा होत आला की वर ओढू लागतो. म्हणून डाइव्हच्या शेवटी, 50 बार उरले असताना, पाच मीटरवर काहीही न धरता तीन मिनिटं थांबता येतं का ते पाहा. येत नसेल तर एक किलो वाढव. हे पहिल्या दिवशी जमलं की पुढचा आठवडा सोपा होतो.

गटापासून सुटलीस तर काय? एक मिनिट इकडेतिकडे पाहायचं, मग सावकाश वर. पाच मीटरवर थांबून नारिंगी एसएमबी, म्हणजे खुणेची फुगणारी नळी, सोडायची, आणि तिच्यासोबत वर यायचं. वर आल्यावर बीसीडी पूर्ण फुगव, मास्क डोळ्यांवरच ठेव, आणि धोनीच्या दिशेने पोहू नकोस. प्रवाहाविरुद्ध पोहून कुणी पोचत नाही, फक्त थकतं. धोनीवाल्यांचे डोळे आयुष्यभर समुद्र पाहण्यात तयार झालेले असतात. नारिंगी नळी दिसली की ते येतात. म्हणून ती नळी सोडण्याचा सराव इथे येऊन माझ्यासमोर कर. तारकर्लीच्या गढूळ पाण्यात जमलं की तिथे नक्की जमेल.

दादाच्या काळजीबद्दल. ती खोटी नाही, त्यामुळे तुला स्पष्ट सांगते. 2 सप्टेंबर 2019 ला कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ कन्सेप्शन नावाच्या लिव्हअबोर्डला पहाटे आग लागली आणि 34 माणसं गेली. सगळी खालच्या मजल्यावर झोपलेली होती. तिथून बाहेर पडायला दोन वाटा होत्या, पण दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होत्या, आणि आग तिथेच होती. रात्री फिरून पहारा देणारं कुणी जागं नव्हतं. नोव्हेंबर 2024 मध्ये लाल समुद्रात सी स्टोरी ही बोट पहाटे उलटली, तेव्हाही लोक केबिनमध्येच होते. त्यामुळे बोटीवर पाय ठेवल्यावर पहिली संध्याकाळ या कामाला दे. तुझ्या केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा स्वतः चालून बघ. मग दिवे नसतील असं धरून, हाताने भिंत चाचपत पुन्हा एकदा जा. लाइफ जॅकेट कुठे आहे ते उघडून पाहा. कॅप्टनला विचार, रात्री पहाऱ्यावर कोण असतं? हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही. कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या केबिनमध्ये रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नकोस. दिवसा, माणसांचा वावर असेल तिथे लाव. वाटा धड नसतील किंवा पहारा नाही असं उत्तर मिळालं, तर वरच्या डेकवर चटई टाकून झोप. तारे दिसतात ते वेगळंच.

बोट लागण्याचं. अटोलच्या आत पाणी शांत असतं, एका अटोलमधून दुसऱ्यात जाताना हलतं. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच घे, आणि आधी घरी एकदा घेऊन बघ. काही गोळ्यांनी इतकी गुंगी येते की त्यावर डाइव्ह करणं धोक्याचं. आलेपाकाच्या वड्या मी पाठवतेय. क्षितिजाकडे पाहत उघड्यावर बस, मोबाइलकडे पाहू नकोस. पाणी मात्र भरपूर पी, उलटी झाली तर साखर-मीठ घालून. कान दर डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुऊन कोरडे कर. कानाच्या बाहेरच्या भागाला संसर्ग होऊन अर्धी सहल डेकवर काढलेले लोक मी पाहिलेत, आणि ते टाळायला दिवसाची पाच मिनिटं पुरतात. पाळी येणार असेल तर त्याची लाज किंवा धास्ती दोन्ही बाळगू नकोस. डाइव्ह करता येते. पोट फार दुखत असेल तर ती डाइव्ह सोडायच्या यादीत घाल, एवढंच.

डाइव्हनंतर सांधे दुखले, अंगाला खाज सुटली, हातापायाला मुंग्या आल्या, किंवा कशानेही न जाणारा थकवा आला, तर ताबडतोब सांग. रात्र जाऊ दे, सकाळी बघू, असं करू नकोस. बोटीवर ऑक्सिजन असतो, तो लगेच मिळाला तर खूप फरक पडतो. मालेजवळ बांडोस बेटावर रिकंप्रेशन चेंबर आहे. पण तिथवर जाणं आणि उपचार हा मोठा खर्च आहे, आणि साध्या प्रवास विम्यात डाइव्हिंग बहुतेक वेळा बसत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा किंवा तसा दुसरा खास डाइव्हिंगचा विमा घेतल्याशिवाय निघू नकोस. हा खर्च मी करते, वाढदिवसाचा समज.

वहिनीला सांग, जेवणाची चिंता नको. तिथे न्याहारीला मास हुनी देतात: ट्यूना कुस्करून त्यात खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी, म्हणजे जवळजवळ आपली चपाती. मालवणच्या मुलीला ते परकं वाटायचं नाही.

प्राण्यांबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगते. मागे जाऊ नकोस. मँटा अंग साफ करून घ्यायला ठरावीक खडकांवर येतात. तिथे लहान लहान रॅस मासे त्यांच्या कल्ल्यांभोवती फिरून किडे टिपतात. आपण खडकाच्या बाजूला, खाली, स्थिर राहिलो तर मँटा डोक्यावरून दहा-दहा फेऱ्या घालतात. एकाने फोटोसाठी वर पोहून त्यांची वाट अडवली की त्या निघून जातात आणि सगळ्या गटाची डाइव्ह जाते. दक्षिण अरी अटोलला व्हेल शार्क दिसला तरी हेच. तीन-चार मीटर अंतर ठेव, शेपटीपासून दूर राहा, हात लावू नकोस. इतर पंधरा जण धावत असतील तरी.

आपल्या विजयदुर्गासमोर शंभरएक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, सगळं प्रवाळ पाण्याखाली, वर पाय ठेवायला खडकही नाही. ते नीट पाहायचं तर बोटीवरच मुक्काम करावा लागतो. तू आणि मी कधीतरी तिथे जावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि त्यासाठी तू बोटीवर राहायला नीट शिकावंस.

आता सामान. मऊ बॅग घे, कडक सुटकेस केबिनमध्ये मावत नाही. स्वतःचा मास्क, कॉम्प्युटर, एसएमबी, शिट्टी, दोन टॉर्च. रॅशगार्ड, टोपी, एक पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता. वस्तीच्या बेटावर उतरताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत. चपला बोटीवर चढतानाच काढून टोपलीत ठेवतात, आठवडाभर अनवाणी. दारू नेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतात. येताना शंख, प्रवाळ काही आणू नकोस. शेवटच्या दिवशी खलाशांसाठी पैसे गोळा करतात, त्यासाठी थोडे डॉलर वेगळे ठेव.

आणि आजच एक काम कर. परतीच्या तिकिटावरची वेळ आणि बोटीच्या कार्यक्रमातली शेवटच्या डाइव्हची वेळ शेजारी शेजारी लिहून मला पाठव. अनेक दिवस डाइव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जायला हवेत, आणि मला तर पूर्ण चोवीस हवे आहेत. तेवढे भरत नसतील तर तिकीट बदल. बदलण्याचे पैसे मी देईन.

तुझी
आत्या